लायर लावली की दहा मिनिटांत उतरते? खुंट्यांना दोष देण्याआधी हे तपासा

ग्रीक लायर या प्राचीन तारवाद्याला पडदे नसतात. एक तार, एक स्वर, बस. सतारीवर तार जराशी उतरली तरी वाजवणारा ती ओढून वेळ मारून नेतो. इथे उतरलेली तार उतरलेलीच वाजते. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याची पहिली तक्रार बोटांची नसतेच. "सूर टिकत नाही" ही असते, आणि पाठोपाठ "खुंट्या खराब आल्यात" असा निकालही लागलेला असतो. खुंट्या खरंच खराब असतात, पण त्यांचा नंबर बराच नंतर लागतो.

इथे बोलतोय ते कासवाच्या पाठीच्या आकाराच्या लायरबद्दल. खाली खोलगट पोट, त्यावर कातडं किंवा पातळ फळी, वर आलेले दोन बाहू, बाहूंना जोडणारी आडवी दांडी आणि सात-आठ तारा. तारा खाली तारदानात (खालची टोकं अडकवायच्या पट्टीत) बांधलेल्या, घोडीवरून (तारांना उचलून धरणाऱ्या तुकड्यावरून) वर येऊन दांडीवर गुंडाळलेल्या. गुंडाळायची सोय तीनपैकी एक: जुन्या पद्धतीच्या कातडी गुंडाळ्या (ग्रीकमध्ये एकीला कोलोप्स, अनेकींना कोलोपेस), लाकडी खुंट्या, किंवा चावीने फिरणाऱ्या लोखंडी पिना.

आधी लक्षण ओळखा

- सगळ्या तारा हळूहळू, साधारण सारख्याच उतरतात. तारा नव्या आहेत.
- एकच तार उतरते, बाकीच्या जागेवर. कधी उतरताना "कट" असा बारीक आवाज येतो.
- एक तार चढवली की शेजारच्या उतरतात. त्या चढवल्या की पहिली उतरते. तासभर हाच खेळ.
- खुंटी फिरवली तरी स्वर हलत नाही, मग एकदम उडी मारतो.
- मांडीवर घेतली की स्वर डोलतो, टेबलावर ठेवली की ठीक.
- सकाळी लावलेली संध्याकाळी वेगळीच. पावसाळ्यात जास्त.
- ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, तरी कानाला बेसूर. किंवा उलट.
- वरच्या स्वराची तार लावता लावता तुटते. पुन्हा नवी, पुन्हा तुटते.

१. फुकटातली तपासणी: ट्यूनर आणि सप्तक

फोनवरचा ट्यूनर गिटारच्या सेटिंगवर असेल तर तो फक्त गिटारच्या सहा तारा ओळखतो आणि तुमच्या तारेला जवळच्या गिटार-तारेकडे ढकलतो. क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर ओळखणारं, सेटिंग करा. मग सप्तक बघा. ई ते ई अशी आठ तारांची लायर बहुतेकदा ई३ (१६५ हर्ट्झ) ते ई४ (३३० हर्ट्झ) अशी लावतात (ए ते जी ही पाश्चात्त्य स्वरांची नावं, पुढचा आकडा सप्तकाचा). गिटारची सगळ्यात बारीक तार म्हणजे ई४. लायरची सगळ्यात उंच तार त्याच उंचीची, त्याच्या वर नाही.

तार वारंवार तुटण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं. तार कुठल्या स्वरावर तुटेल हे तिच्या जाडीवर अवलंबून नसतं. लांबी आणि कशाची बनली आहे, एवढ्यावरच ठरतं. आतड्याच्या तातेसाठी ढोबळ हिशेब असा: २६० ला मीटरमधल्या लांबीने भागा. घोडीपासून दांडीपर्यंत ४० सें.मी. असतील तर २६० ÷ ०.४० = ६५० हर्ट्झ. तिथे तात तुटणारच, मग जाड लावा की बारीक. दोन-तीन अर्धस्वर खाली राहिलात तर सुरक्षित. म्हणजे ई४ अगदी आरामात, पण चुकून एक सप्तक वर ई५ (६५९) कडे निघालात तर वाटेतच टण्. "जाड तार लावून बघतो" हा उपाय म्हणून वायाच जातो.

तारांच्या नावांचाही घोळ होतो. सर्वांत खर्जाच्या तारेला ग्रीक लोक हिपाते म्हणत, म्हणजे शब्दशः "सर्वांत वरची". ते नाव हातातल्या जागेवरून पडलं, स्वरावरून नाही. ती वाजवणाऱ्याच्या अंगाजवळ असते. नावावरून तिला उंच स्वर समजून ताणू नका.

२. हेही फुकट: धरण्याची पद्धत

लायर टेबलावर आडवी ठेवा, एक तार छेडा, ट्यूनर बघा. आता मांडीवर घेऊन तीच तार छेडा. काटा हलला तर डाव्या हाताने बाहू किंवा दांडी आवळली जातेय. दांडी जराशी दाबली गेली तरी तारांचा ताण बदलतो.

जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत डाव्या मनगटाभोवती पट्टा दिसतो. वाद्याचा भार त्या पट्ट्यावर असतो आणि डाव्या हाताची बोटं तारांमागे मोकळी, पसरलेली. तो पट्टा शोभेचा नाही. मनगट पट्ट्यात टाकल्यावर बोटं सगळ्या तारांच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजेत आणि अंगठ्याला काहीही धरून ठेवायची गरज पडता कामा नये, इतकीच त्याची लांबी ठेवा. पट्टा नसेल तर सुती नाडीही चालते.

उजव्या हातातलं नखीचं फटकारणंही बघा. जोरात ओरबाडलं की तार क्षणभर चढून मग खाली येते आणि ट्यूनर गोंधळतो. लावताना नखी बाजूला ठेवा, बोटाच्या मांसाने हळू छेडा.

३. लावण्याचा क्रम

"एक चढवली की दुसरी उतरते" या तक्रारीचं उत्तर इथे आहे. ही पायरी सोडून पुढे गेलात तर पुढची प्रत्येक तपासणी खोटी निकाल देईल.

४२ सें.मी. लांबीची, १ मि.मी. जाडीची नायलॉनची तार ए३ ला, म्हणजे २२० हर्ट्झला लावली की तिच्यावर साधारण ३ किलोचा ताण येतो. सात तारा म्हणजे वीसेक किलो. एवढं वजन सतत दांडीला खाली ओढतंय, बाहू वाकवतंय आणि घोडीतून कातड्याला आत दाबतंय. एक तार चढवली की सांगाडा केसभर दबतो आणि बाकीच्या सगळ्या तारा तेवढ्या सैल पडतात. हा दोष नाही, लायर अशीच चालते. एकेक तार पक्की करत पुढे जाणाऱ्याला ती कधीच लागत नाही.

म्हणून फेऱ्यांनी लावा.

पहिली फेरी ढोबळ. सगळ्या तारा अंदाजे अर्धा स्वर खाली आणा. मधल्या तारेपासून सुरू करा, मग एक डावीकडची, एक उजवीकडची, असं आलटून पालटून, म्हणजे दांडी एका बाजूला कलणार नाही.

दुसरी फेरी संवादाने, म्हणजे दोन-दोन स्वर एकमेकांशी जुळवत. मधल्या तारेला ग्रीक मेसे म्हणतात, म्हणजे "मधली". ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या "प्रॉब्लेमाता" संग्रहात एक प्रश्नच आहे, की मेसे हलली तर सगळं वाद्य बेसूर का वाटतं आणि दुसरी एखादी हलली तर ती एकटीच का. तेव्हा आधी मेसे. आठ तारांचा नेहमीचा क्रम ई एफ जी ए बी सी डी ई असा असतो, मेसे म्हणजे ए. आपल्याकडच्या कानाला हे फार सोपं आहे: ई ला सा धरा, हे भैरवीचे स्वर होतात आणि मेसे मध्यमावर येते. "मधली" तार मध्यमावर, हा योगायोग लक्षात ठेवायला छान.

मग असं चला:

म (ए) ट्यूनरवर २२० ला लावा. इथून पुढे ट्यूनर बंद.
म वरून खालचा सा (ई), चौथा स्वर खाली.
सा वरून प (बी), आणि सा वरून तार सा.
म वरून कोमल नी (डी), चौथा स्वर वर.
नी वरून कोमल ग (जी), पाचवा खाली.
ग वरून कोमल ध (सी), चौथा वर.
ध वरून कोमल रे (एफ), पाचवा खाली.

सात तारा असतील तर तार सा सोडून द्या. प्रत्येक जोडी एकदम छेडा आणि आवाजातल्या लाटा ऐका. तंबोऱ्याची जोडी मिळवताना ऐकतो तसंच: वाँव-वाँव जलद असेल तर लांब आहात, संथ झालं तर जवळ, थांबलं की मिळालं. तार सा असेल तर तो प शी आणि म शीही जुळतो का बघा. नाही जुळला तर मधली एखादी जोडी चुकली आहे.

आता ट्यूनर लावलात तर तो एफला जवळपास ८ सेंट आणि सी ला ६ सेंट उतरलेलं दाखवेल (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तो दुरुस्त करू नका! ट्यूनर समान अंतराच्या स्वरांवर चालतो, तुम्ही शुद्ध संवादाने लावलंय. "ट्यूनर म्हणतो चुकलं, कान म्हणतो बरोबर" यातली अर्धी भांडणं इथलीच.

तिसरी फेरी फक्त डागडुजीची. पुन्हा मेसे बघा. पहिल्या फेरीनंतर ती चांगली उतरलेली असेल, दुसरीनंतर थोडी, तिसरीनंतर दोन-चार सेंट. चौथ्या फेरीलाही वीसच्या वर उतरत असेल तर आकडा लिहून ठेवा, आठव्या तपासणीत लागेल.

एक सवय लावून घ्या: स्वर नेहमी खालून वर गाठायचा. पुढे गेलात तर पूर्ण खाली या आणि पुन्हा चढा. वरून खाली येऊन थांबलात तर घोडी आणि तारदानाच्या मधल्या तुकड्यात जादा ताण अडकून राहतो. दोनदा जोरात वाजवलं की तो सुटतो आणि स्वर हलतो.

४. नव्या तारांचं ताणणं

नवी नायलॉन तार तीन-चार दिवस, कधी आठवडाभर ताणली जातच राहते. थांबायचं नसेल तर स्वरावर आणा, मधोमध बोटाने धरून फळीपासून साधारण १ सें.मी. बाहेर हळू ओढा, सोडा, पुन्हा लावा. प्रत्येक तारेला चार-पाच वेळा. दर वेळी उतरणं कमी होत गेलं पाहिजे. आतड्याच्या बारीक तातेला हे करताना निम्म्याच जोराने. तिचे धागे उसवले की ती गेली. स्टीलची तार जवळपास ताणली जात नाही. ती उतरत असेल तर ती कुठूनतरी सरकते आहे, सरळ पुढच्या पायरीवर जा.

५. गाठ आणि वेढे

एकच तार उतरत असेल तर मार्कर घ्या. तार गाठीतून बाहेर पडते तिथे एक ठिपका, दांडीवर पहिला वेढा सुरू होतो तिथे दुसरा. अर्धा तास वाजवा. खालचा ठिपका पुढे आला तर गाठ सरकतेय. वरचा हलला तर वेढे किंवा खुंटी. दोन्ही जागेवर आणि तरी स्वर उतरला तर तार ताणली जातेय, चौथ्या पायरीवर परत या.

नायलॉन निसरडं असतं, साधी गाठ त्याला पुरत नाही. आठाच्या आकाराची गाठ मारा आणि टोक काडीपेटीच्या काडीने वितळवून मणी करा. वर दांडीवर किंवा खुंटीवर तीन ते चार वेढे हवेत. पहिला वेढा तारेच्या शेपटावरून जाऊ द्या म्हणजे तो स्वतःच शेपूट दाबून धरतो. दोनच वेढे असतील तर सरकणार. सात-आठ वेढे एकावर एक चढले तर ते स्पंजसारखे दबत राहतात आणि तार आठवडाभर उतरत राहते. जास्तीची तार कापा, मोह ठेवू नका.

६. घोडी

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. तारा चढवताना तिचं डोकं वरच्या दांडीकडे ओढलं जातं. पोस्टकार्डाचा काटकोन तिच्या मागच्या अंगाला लावून बघा. वाकली असेल तर सगळ्या तारा एक-दोन स्वर उतरवा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी पाय न हलवता डोकं मागे ढकला. पूर्ण ताणावर हे करू नका; घोडी निसटली तर खालच्या कातड्याला खोच पडते.

स्वर अडकून मग उडी मारत असेल तर घोडीची खाच घट्ट आहे. तार खाचेत निम्मी बसावी, पूर्ण गाडली जाऊ नये. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक दोन-तीनदा फिरवा. शिसं तारेला सरकू देतं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. कानस हातात घ्यायची घाई नको, एक खाच जास्त खोल झाली की ती तार खरखरते आणि मग अख्खी घोडी बदलावी लागते.

घोडी उचललीच तर तिच्या पायांभोवती आधी पेन्सिलीने खूण करा. ती दोन-तीन मिलिमीटर सरकून बसली तरी सगळ्या तारांची लांबी बदलते.

७. खुंट्या, पिना, गुंडाळ्या

लाकडी खुंटी निमुळती असते. फिरवताना आत दाबत फिरवायची, नुसती गोल नाही. घसरत असेल तर बाहेर काढून दोन चकचकीत पट्ट्यांवर, म्हणजे ती भोकाला जिथे टेकते तिथे, शाळेचा खडू चोळा. अडकत असेल तर कोरड्या साबणाचा पातळ हात. तेल कधीच नाही, ते लाकडात मुरलं की काढता येत नाही. डिंक किंवा फेव्हिकॉलचाही विचार मनात आणू नका.

लोखंडी पिन सैल वाटली तर चावीने आत दाब देत एक फेरा पुढे घ्या. तरीही हाताने सहज फिरत असेल तर भोक मोठं झालंय, ते काम घरचं नाही.

कोलोपेस असलेल्या लायरला मात्र जरा वेळ द्या. दांडीभोवती कातड्याची पट्टी, तिच्याबरोबर गुंडाळलेली तार, आणि केवळ घर्षणावर टिकलेला ताण. जुन्या काळी बैलाच्या मानेचं जाड कातडं यासाठी घेत, कारण ते चिवट असतं आणि धरून ठेवतं. होमरच्या "ओडिसी" महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात ओडिसियस आपल्या धनुष्याला प्रत्यंचा चढवतो ती "गायकाने नव्या कोलोप्सवर तार सहज ताणावी तशी". सहज हा शब्द होमरने मुरलेल्या गायकासाठी वापरलाय, तुम्हाला पहिले पंधरा दिवस घाम फुटेल.

गुंडाळी घसरण्याची कारणं दोनच. एक, कातड्याची आतली बाजू घासून गुळगुळीत झाली. १२० नंबरच्या सँडपेपरने ती खरखरीत करा, वर चिमूटभर राळेची पूड. दोन, दांडीला तिथे व्हार्निश आहे. गुंडाळी बसते तेवढ्या पट्ट्यातलं व्हार्निश खरवडून लाकूड उघडं करा. पट्टी बदलायची असेल तर ६ ते ८ मि.मी. रुंद, १५ सें.मी. लांब, २ मि.मी. जाड अशी कापा. कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं हवं, सोफ्याचं रंगीत मऊ कातडं चालत नाही. कोल्हापुरी चपला करणाऱ्याकडे कातरणीत असे तुकडे मिळतात.

८. हवा, कातडं, सांगाडा

सगळ्या तारा एकत्रच चढत-उतरत असतील तर हवा बघा. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते तसंच लायरचं कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते, सगळे स्वर उतरतात. कोरड्या हवेत उलट. आतड्याच्या तारा तर ओलावा स्वतःही पितात. वाद्य पेटीत, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. वातानुकूलित खोलीतून बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग लावा. तबला उन्हात ठेवतात तशी लायर उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको. कातडं ताणलं जाईल, पण सरसाचे सांधे सुटतील.

शेवटी सांगाडा. पोटाच्या दोन्ही काठांवर सपाट पट्टी आडवी ठेवा आणि घोडीजवळ कातडं किती दबलंय ते मोजून तारीख टाका. महिन्याभराने पुन्हा मोजा. नंतर तारा लावलेल्या असताना बाहू पोटात शिरतात तिथे आणि दांडीच्या दोन्ही टोकांना पातळ कागद सरकवून बघा. ताणावर कागद आत जातो आणि तारा उतरवल्यावर जात नाही, तर सांधा उघडतोय. मेसे चौथ्या फेरीलाही वीस सेंट का उतरत होती, त्याचं उत्तर हेच.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर हात काढा: सांधा उघडतोय, दांडीला भोकाजवळ चीर, पोटाला तडा, कातडं काठावर फाटतंय किंवा त्याचं दबणं वाढत चाललंय, पिनेचं भोक सैल. तारा सगळ्या सारख्या, दोन टप्प्यांत उतरवा. एका बाजूच्या पूर्ण सोडून दुसऱ्या ताणावर ठेवल्या तर चीर वाढते. पूर्ण मोकळ्याही करू नका, घोडी उभी राहील एवढा ताण असू द्या.

बनवणारा परदेशी असेल आणि वाद्य वॉरंटीत असेल तर आधी त्यालाच फोटो पाठवा. इथे करून घ्यायचं तर मिरजेच्या तंबोरे-सतारी बनवणाऱ्या कारागिरांना खुंटीचं भोक, घोडी आणि लाकडाचा सांधा हे रोजचंच काम आहे. कातडं बदलायला तबल्याची पुडी करणारा जवळचा. पण लायर दोघांच्याही नेहमीच्या कामातली नाही, त्यामुळे कागदावर लिहून द्या: घोडीपासून दांडीपर्यंतची लांबी, प्रत्येक तारेचा स्वर आणि जाडी, घोडीच्या पायांची जागा, आणि "वार्निश दांडीवर नको" हे ठळक अक्षरात.